कुसुंभतैल आणि त्वचा : वाग्भटाचें एक वचन व परभणी प्रांताचा परिपाठ

१. विषयप्रवेश

परभणी जिल्ह्यांत रब्बीच्या हंगामांत करडई पेरण्याची वहिवाट जुनी आहे. ह्या करडईसच संस्कृत ग्रंथकार कुसुंभ म्हणतात. तिचें तेल येथील लोकांनीं भाकरीवर घेतलें, दिव्यांत जाळलें आणि अंगासही लाविलें. उलटपक्षीं आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत ह्या तेलाची जेवढी निंदा आढळते तेवढी दुसऱ्या बीजतैलाची क्वचितच आढळेल. वाग्भटानें तर तें त्वचेचे विकार उत्पन्न करणारें आहे असें स्पष्ट म्हटलें आहे. एका बाजूस शास्त्रवचन, दुसऱ्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. ह्यांपैकीं खरें कोणतें, कीं दोहोंसही आपापल्या जागीं आधार आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हांस केवळ पांडित्याचा नाहीं. आमच्या घरीं पहिलें अपत्य झालें तेव्हां आमच्या मातोश्री बाळास माखण्यासाठीं घाण्यावरचें करडईचें तेल कोमट करून पाटावर बसल्या होत्या. आम्ही त्या वेळीं शाळेंत संस्कृत शिकवीत होतों आणि अष्टांगहृदयाचें सूत्रस्थान नुकतेंच वाचून झालें होतें. वचन तोंडपाठ होतें. तें म्हणून दाखविलें आणि तेलाची वाटी उचलावयास लाविली. मातोश्रींनीं वाद घातला नाहीं. "तुझ्या पोथींत असेल तसें," एवढेंच म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं तिळाचें तेल घेतलें. स्वतःच्या टांचांच्या भेगांस मात्र त्या अखेरपर्यंत करडईचेंच तेल लावीत. त्या आतां नाहींत. सेवानिवृत्तीनंतर तोच ग्रंथ सावकाशपणें व पूर्वापर संबंध पाहून वाचला, तेव्हां ज्या वचनाच्या बळावर आम्हीं निवाडा दिला तें वचन त्या प्रसंगास लागूच नव्हतें, असें दिसून आलें. तो निवाडा फिरविणें हाही ह्या लेखाचा एक हेतु आहे.

२. कुसुंभाचा पूर्ववृत्तांत

कुसुंभाची कीर्ति आरंभीं तेलामुळें नव्हे, रंगामुळें झाली. अमरकोशांत त्यास वह्निशिख व महारजन अशीं नांवें दिलीं आहेत. दोन्ही नांवें फुलाच्या रंगावरून पडलेलीं आहेत. पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा रंग पाण्यांत विरघळतो, तो आधीं धुवून काढून टाकीत. मग क्षाराच्या पाण्यांत तांबडा रंग उतरवीत आणि आंबट रसाच्या योगानें तो कापडावर बसवीत. ईजिप्त देशांतील प्राचीन शवांच्या वस्त्रांवर हा रंग आढळला आहे, आणि संस्कृत काव्यांतील कौसुंभ वस्त्रें ह्याच फुलांनीं रंगविलेलीं. मराठींतील 'कुसुंबी' हा शब्द त्याचीच खूण होय. १८५६ सालीं पर्किन ह्या इंग्रज रसायनज्ञास कृत्रिम रंगाचा शोध लागला आणि पुढें दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या रंगांनीं बाजार भरून गेला. फुलाचा व्यापार बसला. बीं व तेल तेवढें राहिलें.

ह्या पिकाचें आणि परभणीच्या काळ्या जमिनीचें चांगलें जमतें. करडईचें सोटमूळ खोल जातें, म्हणून पाऊस ओसरल्यावर जमिनींत मुरलेल्या ओलीवरच हें पीक निभावतें. पूर्वीं जोंधळ्याच्या शेतांत मधून मधून व कडेनें करडईच्या ओळी टाकीत. पुढें कांटे धरले कीं त्याच ओळी कुंपणाचें काम करीत आणि जनावर आंत शिरत नसे. कोवळ्या पानांची भाजी होई. पीक वाळल्यावर काढणी पहांटेच्या दंवांत करीत, कारण दंवानें कांटे नरमतात. तरीही कापणाऱ्यांस हातापायांस फडकीं गुंडाळावीं लागत. ज्या झाडानें हात ओरबाडावे त्याच्याच बियांचें तेल संध्याकाळीं त्या हातांस चोळावयाचें, असा हा व्यवहार होता.

तेल काढणें हें घाण्याचें काम. घाणा ही आपल्या प्रांतांतील फार जुनी संस्था आहे. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्यानें स्थापिलेल्या मठास मिळालेलीं दानें त्यांत नोंदलेलीं आहेत. त्याच्या मराठी भागांत, गांवांत जितके घाणे चालतील तितक्यांनीं प्रत्येकीं एक पळी तेल मठास द्यावें, असा निर्बंध आहे. यादवांच्या अमलांत तेल हें एवढें सार्वत्रिक द्रव्य होतें कीं त्यावर धर्मादाय लागे, आणि त्याचें माप तेंच होतें जें आजही आपल्या स्वयंपाकघरांत आहे. परभणीचा मुलूखही त्याच यादवांच्या राज्यांत मोडत असे. जिंतूरजवळील चारठाण्याचीं देवळें त्याची साक्ष देतात.

अलीकडच्या काळांतील उत्तम नोंद जॉर्ज वॉट ह्यांच्या हिंदुस्थानांतील आर्थिक उत्पन्नांच्या कोशांत मिळते. तो कोश १८८९ ते १८९३ ह्या वर्षांत प्रसिद्ध झाला. त्यांत करडईच्या तेलाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक घाण्यांत थंड काढलेलें, फिकट पिवळें. दुसरें बिया कोरड्या तापवून उतरविलेलें, काळें व चिकट. हें दुसरें तेल विहिरीचे दोर व पाण्यांत भिजणारें चामडें टिकावें म्हणून वापरीत. ह्या दोन प्रकारांतील भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

३. ग्रंथकारांचा आरोप

आतां मूळ वचनांकडे वळूं. श्लोक उद्धृत न करितां त्यांचा आशय देतों. जिज्ञासूंनीं स्थळें पडताळून पाहावीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत प्रत्येक वर्गांतील सर्वांत हितकर व सर्वांत अहितकर द्रव्यांच्या याद्या आहेत. वनस्पतींपासून निघणाऱ्या स्नेहांत तिळाचें तेल श्रेष्ठ आणि कुसुंभाचा स्नेह निकृष्ट, असा तेथें निर्णय आहे. सत्ताविसाव्या अध्यायांत हेंच तेल उष्ण, विपाकीं कटु, गुरु, विशेषेंकरून विदाही व सर्व दोष खवळविणारें म्हटलें आहे. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांत त्यांत भर घालून तें रक्तपित्तकर व डोळ्यांस अपायकारक ठरविलें. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत अर्ध्या श्लोकांत निकाल दिला : उमा म्हणजे अळशी, आणि कुसुंभ, ह्या दोहोंचीं तेलें उष्ण असून त्वग्दोष, कफ व पित्त उत्पन्न करितात.

हा ग्रंथ आमच्या प्रदेशास परका नव्हता. देवगिरीचे यादव राजे महादेव व रामचंद्र ह्यांचा मंत्री हेमाद्रि ह्यानें अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली आहे. म्हणजे तेराव्या शतकांत ह्याच मुलुखाच्या राजधानींत हें सूत्रस्थान बारकाईनें अभ्यासिलें जात होतें. तेव्हां परभणीच्या लोकांस शास्त्र ठाऊक नव्हतें म्हणून त्यांनीं करडई वापरली, असें उत्तर देऊन मोकळें होतां येत नाहीं.

४. वचनाचें प्रकरण

मीमांसक सांगतात कीं वाक्याचा अर्थ प्रकरणावरून ठरवावा. वाग्भटाच्या पांचव्या अध्यायाचें नांव द्रवद्रव्यविज्ञानीय असें आहे. त्यांत पाणी, दूध, दहीं, तूप, मध, उंसाचा रस, तेलें व मद्यें ह्यांचे गुण येतात. हीं सर्व पोटांत घ्यावयाचीं द्रव्यें आहेत. चरकाचा सत्ताविसावा अध्याय अन्नपानाचाच आहे. सबब ह्या स्थळांचा मुख्य रोख भक्षणावर आहे, मर्दनावर नाहीं.

पूर्वपक्षी म्हणेल कीं ही पळवाट झाली. त्वग्दोष हा शब्द त्वचेसच लागतो, मग तेल खाल्लें काय किंवा चोळलें काय! ह्यास उत्तर वाग्भटानेंच देऊन ठेविलें आहे. ज्या अध्यायांत त्यानें कुसुंभास त्वग्दोषकर म्हटलें, त्याच अध्यायांत किंचित् आधीं तिळाच्या तेलासही तोच शब्द लाविला आहे, आणि तें डोळ्यांस अहितकर आहे असेंही म्हटलें आहे. परंतु दुसऱ्या म्हणजे दिनचर्येच्या अध्यायांत रोज अभ्यंग करावा असें तोच सांगतो, आणि त्याच्या फलांत दृष्टीची प्रसन्नता व त्वचेची दृढता हीं गणतो. चरकही तिळाच्या तेलास त्वचेस हितकर म्हणतो. तेव्हां एकच तेल आहारांत एका प्रकारें व अभ्यंगांत दुसऱ्या प्रकारें वागतें, असें मानल्यावांचून वाग्भटाच्या ग्रंथाची एकवाक्यता होत नाहीं. हा न्याय तिळास लावावयाचा आणि करडईस लावावयाचा नाहीं, ह्यास आधार कोणता?

आमची चूक येथें झाली होती. पांचव्या अध्यायांतील अर्धा श्लोक आम्हीं घेतला आणि दुसरा अध्याय उघडला नाहीं. तोच अर्धा श्लोक प्रमाण धरावयाचा तर तिळाचें तेलही बाळाच्या अंगास लावतां आलें नसतें. आणि आम्हीं तर मातोश्रींस तेंच घ्यावयास लाविलें.

तथापि उत्साहाच्या भरांत दुसऱ्या टोंकास जाणेंही योग्य नव्हे. वरील स्थळीं ग्रंथकारांनीं कुसुंभतैलाची अभ्यंगासाठीं स्तुति केलेली नाहीं; मान तिळाचा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं आहारप्रकरणांतील निंदेवरून अभ्यंगाचा निषेध निघत नाहीं. आहारांतही चरकानें ओकसात्म्य, म्हणजे अभ्यासानें अंगवळणीं पडलेलें द्रव्य, ही कल्पना मानली आहे. जोंधळ्याच्या भाकरीवर चटणी व तिच्यावर कच्च्या करडईच्या तेलाची धार, हें जेवण ज्यांच्या पिढ्यांनीं पचविलें त्यांच्या बाबतींत ही कल्पना विचारांत घ्यावी लागते.

अभ्यंगाचें कारण चरकानें सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत मोठ्या मार्मिकपणें दिलें आहे. मडकें, चामडें व गाड्याचा आंस हीं जशीं तेलानें बळकट व झीज सोसणारीं होतात तसें शरीर अभ्यंगानें होतें. वायूचें प्राबल्य स्पर्शेंद्रियांत आणि स्पर्शेंद्रियाचा आश्रय त्वचा, म्हणून अभ्यंग त्वचेस परम हितकर. दृष्टांत शेतकऱ्याच्या घरांतले आहेत. वॉटच्या कोशांतील चामड्याची नोंद व चरकाचा चामड्याचा दृष्टांत हीं एकाच अनुभवाचीं दोन टोंकें आहेत.

५. अळशी व करडई एकत्र कां?

वाग्भटाच्या वचनांत एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. त्यानें अळशी व करडई ह्यांची जोडी बांधली आहे. वरवर पाहतां दोन्ही वनस्पति भिन्न कुलांतील. फूल, पान, बीं कशांतच साम्य नाहीं. मग एकाच समासांत व एकाच दोषाखालीं त्यांस कां आणिलें?

अर्वाचीन रसायनशास्त्रांत ह्यास एक उत्तर सांपडतें. दोन्ही तेलें वाळणारीं आहेत. हवेंतील प्राणवायु शोषून तीं घट्ट व चिकट होतात आणि पातळ थर दिल्यास त्यांची साय धरते. ह्यामुळेंच दोहोंचाही उपयोग रंगरोगणांत झाला. ही प्रवृत्ति आयोडीन अंकानें मोजतात. अळशीच्या तेलाचा अंक सुमारें १७० ते २००, करडईचा सुमारें १४० ते १५०, आणि तिळाचा सुमारें १०५ ते १२० असतो. शिवाय तिळाच्या तेलांत त्यास खंवट होऊं न देणारीं द्रव्यें निसर्गतःच असतात. तें दीर्घकाळ टिकतें. वैद्यांनीं औषधी तेलें सिद्ध करण्यास तिळाचेंच तेल पायाभूत कां धरलें, ह्याचें एक कारण येथें दिसतें.

आमचा तर्क असा. प्राचीन वैद्यांस अळशी व करडई हीं तेलें लवकर बिघडणारीं म्हणून अनुभवानें ठाऊक झालीं असावीं. बिघडलेलें तेल पोटांत गेल्यास दाह करितें, अंगास लाविल्यास चुरचुरतें. उष्ण व विदाही हीं विशेषणें अशा तेलास चपखल लागू पडतात. बिया तापवून काढलेलें काळें तेल तर दोरास व चामड्यासच योग्य. ताज्या, घाण्याच्या, थंड काढलेल्या तेलाची गोष्ट निराळी. तेलाचा गुण संस्कारावर अवलंबून आहे, हें वाग्भटासही मान्य होतें. योग्य संस्कारानें तिळाचें तेल सर्व रोगांस जिंकतें असें तो म्हणतो. तेव्हां निंदा खोटी नाहीं आणि परिपाठही खोटा नाहीं; एकाचा विषय शिळें तेल आणि दुसऱ्याचा ताजें तेल, असा विभाग केला म्हणजे दोहोंची संगति लागते. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु वैद्य व रसायनज्ञ दोघांचेंही म्हणणें त्यांत राखलें जातें.

६. अर्वाचीन शोधांची साक्ष

करडईच्या पारंपरिक जातींच्या तेलांत सुमारें ७० ते ८० टक्के लिनोलेइक आम्ल असतें. नित्याच्या वापरांतील खाद्य तेलांत एवढें प्रमाण क्वचितच आढळतें. तिळाच्या तेलांत तें सुमारें ४० टक्के असतें आणि खोबरेलांत नांवापुरतें. ह्या आम्लाचा त्वचेशीं संबंध काय, हें कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

१९२९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व त्यांची पत्नी मिल्ड्रेड बर ह्यांनीं उंदरांस स्निग्धांश अजिबात नसलेलें अन्न दिलें. उंदरांची कातडी खवल्यांसारखी सुटूं लागली, शेंपट्या सोलल्या, वाढ खुंटली. पुढील वर्षीं लिनोलेइक आम्ल देतांच हे विकार हटतात असें त्यांनीं दाखविलें. शरीर हें आम्ल स्वतः घडवूं शकत नाहीं, म्हणून त्यास आवश्यक स्निग्धाम्ल म्हणतात. १९६३ सालीं आरिल्ड हॅन्सेन व त्यांचे सहकारी ह्यांनीं ४२८ अर्भकांवरील निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. ज्यांच्या दुधांत हें आम्ल फारच थोडें होतें त्यांची त्वचा कोरडी पडून सालपटें निघत.

ह्याचें कारण पुढें उलगडलें. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. मृत पेशी ह्या विटा, आणि त्यांमधील स्निग्ध पदार्थ हा चुना. ह्या चुन्याच्या एका मुख्य घटकांत लिनोलेइक आम्ल गुंफलेलें असतें. तें कमी पडलें कीं भिंतीस फटी पडतात, आंतील ओल उडून जाते आणि बाहेरचा उपद्रव आंत शिरतो. थंडींत टांचांस भेगा पडतात त्यांत त्वचेंतील ओल उडणें हेंही एक कारण असतें.

आतां मुख्य प्रश्न : तेल वरून चोळलें तर आंत पोंचतें काय? १९७४ सालीं प्रेस, हार्टॉप व प्रॉटी ह्या इंग्लंडांतील संशोधकांनीं आवश्यक स्निग्धाम्लांची उणीव असलेल्या रुग्णांच्या त्वचेस सूर्यफुलाचें तेल लावून ती उणीव भरून आल्याचें प्रसिद्ध केलें. ढाक्क्याच्या शिशुरुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस सूर्यफुलाचें तेल लाविलें असतां रुग्णालयांत जडणाऱ्या संसर्गाचा संभव ४१ टक्क्यांनीं कमी झाला, असें २००५ सालीं जाहीर झालें. सूर्यफूल व करडई ह्या एकाच कुलांतील वनस्पति असून दोहोंच्या जुन्या जातींचें तेल लिनोलेइक आम्लानें समृद्ध असतें. तरी एकीची साक्ष दुसरीच्या नांवावर सबंध खर्ची घालणें बरें नव्हे.

सुदैवानें करडईची स्वतंत्र साक्ष महाराष्ट्रांतच झाली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत १२० नवजात अर्भकांचे ४०-४० चे तीन गट केले. एकास करडईचें तेल, दुसऱ्यास खोबरेल, तिसऱ्यास कांहींच नाहीं. दर वेळीं ५ मिलिलिटर, दिवसांतून चार वेळां, असें पांच दिवस मर्दन केलें आणि आधीं व नंतर रक्त तपासलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असें आहे कीं करडईच्या गटांत रक्तांतील आवश्यक स्निग्धाम्लें लक्षणीय वाढलीं, खोबरेलाच्या गटांत संतृप्त स्निग्धाम्लें वाढलीं, आणि मर्दनापासून कोणताही अपाय दिसला नाहीं. पूर्ण दिवसांच्या बाळांत हा फरक अधिक स्पष्ट होता. बाळास माखावयाचें, तेल जिरवावयाचें, टाळू भरावयाची, ह्या आपल्या बायकांच्या शब्दांत 'जिरणें' हें क्रियापद किती यथार्थ आहे, हें ह्यावरून दिसतें.

मात्र मर्यादा सांगितल्या पाहिजेत. तेल हें रुक्ष त्वचेचें अन्न आहे, सर्व रोगांचें औषध नव्हे. कोड, नायटा, पू धरलेल्या जखमा ह्यांवर करडईचें तेल चोळून वैद्याकडे जाण्यास उशीर करणें घातक होय. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा फार नाजूक असते. तेथें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून हात लावूं नये. कोणतेंही नवें तेल आधीं मनगटाच्या आंतल्या बाजूस थोडें लावून पाहावें.

७. परभणीची करडई : पूर्वीं व आतां

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. १८ मे १९७२ रोजीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक ह्यांचें नांव आहे. येथील करडई संशोधनानें ह्या पिकास नवीं रूपें दिलीं. शारदा, परभणी कुसुम, पूर्णा ह्या जाती येथल्या. 'परभणी कुसुम' ह्या नांवांत गांवाचें नांव व कुसुंभाची आठवण एकत्र आली आहे. परभणी-४० ही जात बिनकांट्याची आहे, म्हणजे पहांटे फडकीं गुंडाळून कापणी करण्याचें कारण उरत नाहीं.

असें असूनही करडईचें क्षेत्र फार घटलें आहे. खरीपांत सोयाबीन आलें, रब्बींत हरभरा पसरला, कांट्यांमुळें कापणीस मजूर मिळेनासे झाले आणि परदेशांतून येणाऱ्या पामतेलानें भाव पाडले. घाणे आधींच बंद पडले होते. तेल्यांच्या कित्येक घरांत लाट विकून दुसरा धंदा धरला गेला. अलीकडे शहरांत लाकडी घाण्याच्या तेलाची पुन्हा आवड उत्पन्न झाली आहे, हें चिन्ह चांगलें आहे.

पण येथें एक सावधगिरी हवी. हल्लीं करडईच्या कांहीं जाती अशा काढल्या आहेत कीं त्यांच्या तेलांत ओलेइक आम्ल मुख्य आणि लिनोलेइक थोडें असतें. तळण्यास व टिकण्यास तें तेल चांगलें. परंतु त्वचेच्या भिंतीस जो घटक हवा तो जुन्या प्रकारच्या तेलांत अधिक असतो. ओलेइक आम्लाचें प्राबल्य असलेल्या ऑलिव्ह तेलानें त्वचेचा थर दुबळा होतो आणि सूर्यफुलाच्या तेलानें तो शाबूत राहतो, असें २०१३ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. म्हणून अंगास लावण्यासाठीं करडईचें तेल घेणाऱ्यानें तें कोणत्या जातीचें, हें विचारून घ्यावें.

दुसरी सावधगिरी जुनीच आहे आणि ती वाग्भटाच्या वचनांतूनच निघते. तेल थोडें आणावें, अंधाऱ्या थंड जागीं झांकून ठेवावें, आणि खंवट वास येऊं लागल्यास अंगासही लावूं नये. आमच्या मातोश्री आठ दिवसांपुरतेंच तेल घाण्यावरून आणवीत आणि उरलेलें दिव्याकडे वळवीत. आम्हांस तो काटकसरीचा भाग वाटे. तें शिळ्या तेलाचें ज्ञान होतें, हें कळण्यास आम्हांस पुष्कळ वर्षें लागलीं.

८. उपसंहार

येथवरच्या विवेचनाचें तात्पर्य असें. पहिलें, कुसुंभतैलावरील त्वग्दोषाचा आरोप आहारप्रकरणांतील आहे. तोच शब्द तिळाच्या तेलासही लाविलेला असल्यामुळें त्यावरून अभ्यंगाचा निषेध होत नाहीं. दुसरें, अळशी व करडई ह्यांची जोडी हीं तेलें लवकर बिघडतात ह्या अनुभवाची द्योतक असावी, आणि तेवढ्यापुरती वैद्यांची सूचना आजही शिरसावंद्य आहे. तिसरें, ताज्या करडईच्या तेलांतील मुख्य घटक त्वचेच्या बांधणीस आवश्यक असून तो चोळल्यानें शरीरांत जिरतो. पुण्याच्या निरीक्षणांनीं परभणीच्या परिपाठास बळकटी आणिली आहे.

शास्त्र व आचार ह्यांत विरोध दिसला कीं शिकलेल्या माणसाचा पहिला कल आचार खोटा ठरविण्याकडे असतो. आमचाही होता. अध्याय पुरा वाचावा आणि घरांतील वृद्ध बाईस एकदां तरी कारण विचारावें, एवढी तसदी आम्हीं घेतली असती तर वाटी उचलावयास लावण्याची वेळ आली नसती.

शेवटीं एक विनंति. परभणी, पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड इत्यादि गांवांतील जुन्या तेली घराण्यांत घाण्याचे जमाखर्च, देवळांच्या तेलाच्या नोंदी किंवा घाण्यावरील कराचे कागद असतील तर ते वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. कोणत्या वर्षीं किती करडई गाळली, कोणतें तेल देवास व कोणतें अंगास गेलें, हें त्या कागदांवरून जुळवितां येईल. सूतिकागृहांत व न्हाणींत काम केलेल्या वृद्ध बायकांच्या आठवणीही त्यांच्या हयातींतच टिपून ठेवाव्या. कागदांइतकींच तींही साधनें होत.